जग्वारच्या जाहिरातीत गाडी कुठाय?

डबलक्लच | २१ नोव्हेंबर २०२४, रात्री १०.४०

मंडळी, परवा रात्री जेवताना पुतणीने अण्णांसमोर मोबाइल धरला. अण्णा म्हणजे माझे वडील. वय ८१, त्यातली चाळीसेक वर्षं ताडदेवच्या एका गॅरेजात गाड्यांखाली आडवं पडून काढलेली. अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ. लिफ्टचं दार उघडतं, पिवळ्याधमक, लालभडक, फुगीर कपड्यांतली माणसं बाहेर येतात आणि गुलाबी खडकाळ माळावर दहावं असल्यासारखी गंभीर उभी राहतात. कुणाच्या हातात घण, कुणाच्या हातात ब्रश. मध्ये मध्ये इंग्रजी सुविचार. शेवटी कंपनीचं नाव. संपलं.

अण्णांनी शेवटपर्यंत बघितलं, ताकाचा घोट घेतला आणि विचारलं, "गाडी कुठाय?"

पुतणी म्हणाली, "आजोबा, गाडीचीच जाहिरात आहे. जग्वारची."

"ते कळलं. गाडी कुठाय?"

नंतर बघतो तर इलॉन मस्कनेही कंपनीला तेच विचारलेलं: तुम्ही गाड्या विकता का? त्याला कंपनीने उत्तर दिलं, २ डिसेंबरला मायामीत चहाला या म्हणून. अण्णांना अजून आमंत्रण नाही.

ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९ तारखेला जग्वारने आपला अवतार बदलला. डरकाळी फोडणारा गोलातला चेहरा गेला. झेप घेणारा जग्वार राहिलाय, पण आडव्या पट्ट्यांत कोंडलेला, जणू दुकानाच्या शटरमागे. नावाची अक्षरं नवी, काही मोठ्या लिपीतली, काही लहान. आणि ब्रीद काय, तर 'कॉपी नथिंग'. नक्कल नको. यातली गोम अशी की हे बोल मूळचे संस्थापक विल्यम लायन्स यांचे. जग्वार ही कशाचीच नक्कल असता कामा नये, असं ते म्हणायचे. म्हणजे नक्कल करू नका हे वाक्यसुद्धा जुन्याच वहीतून उतरवलेलं.

मला एवढं का लागलं ते सांगतो. अण्णांच्या गॅरेजात एका पारशी शेटजींची जग्वार मार्क २ यायची. करड्या रंगाची, सहा सिलिंडरची, आत लाकडी डॅशबोर्ड. अख्ख्या गॅरेजात ती गाडी फक्त अण्णांच्या हाताखाली. इंजिनाला हवा-पेट्रोल मिसळून देणारे दोन एसयू कार्बोरेटर. दोघांचा श्वास सारखा लागला पाहिजे म्हणून रबरी नळीचं एक टोक कानाला आणि दुसरं कार्बोरेटरच्या तोंडाशी धरून अण्णा आवाज जुळवायचे. डॉक्टर छाती तपासतो तसं. टॅपेट लावायचे, म्हणजे इंजिनाच्या झडपांची फट जुळवायची, तर कॅमशाफ्ट उतरवून खाली पातळ चकत्या बदलायच्या, म्हणजे दिवस गेला. पाने सगळे इंची. ते अजून आमच्या पोटमाळ्यावर आहेत.

८३ साली शेटजींनी गाडी विकली. विकण्याआधी बॉनेटवरचा झेप घेणारा जग्वार स्वतः उतरवून अण्णांच्या हातात ठेवला. तो आमच्याकडे बिस्किटांच्या जुन्या डब्यात, नटबोल्टांबरोबर आहे. लहानपणी मला तो वाघ वाटायचा. अण्णा म्हणायचे, वाघ नाही रे, त्याचा अमेरिकेतला चुलतभाऊ.

तर प्रश्न असा. ही कंपनी २००८ पासून टाटांची, म्हणजे आपल्या होमी मोदी स्ट्रीटवरच्या बॉम्बे हाउसची. हे असं का केलं असेल? आणि मला राग येतोय तो बरोबर आहे की मी म्हातारा झालोय?


खवचट_मावशी | २१ नोव्हेंबर, रात्री ११.०२

मला आधी वाटलं लग्नसराईचा सेल लागलाय. दादरला स्टेशनसमोर याहून भडक रंग बाराशेत मिळतात, वर घासाघीस.

रच्याकने (रस्त्याच्या कडेने, म्हणजे जाता जाता), डब्यातल्या वाघोबाचा फोटो टाका.


गिरणगाव_७७ | २१ नोव्हेंबर, रात्री ११.१५

राग अगदी बरोबर आहे. रतन टाटा जाऊन दीड महिना नाही झाला आणि हे धंदे. ९ ऑक्टोबरला अर्धी मुंबई हळहळत होती. ती कंपनी त्यांनी काय जिद्दीने घेतली होती. ९९ साली इंडिका चालेना म्हणून गाड्यांचा धंदा विकायला डेट्रॉइटला गेले तर फोर्डवाल्यांनी ऐकवलं, येत नव्हतं तर पडलात कशाला यात? आणि नऊ वर्षांनी त्याच फोर्डकडून जग्वार-लँड रोव्हर उचलली. २.३ अब्ज डॉलर रोख. याला म्हणतात उत्तर. आणि आता त्याच गाडीचा फॅन्सी ड्रेस करून ठेवलाय.


पिंपरीचा_फिटर | २२ नोव्हेंबर, सकाळी ७.५०

गिरणगाव, डेट्रॉइटचा किस्सा खरा असेल, पण तो प्रवीण काडल्यांनी २०१५ मध्ये सांगितलेला, यशवंतराव चव्हाण पुरस्कार टाटांच्या वतीने घेताना. ते त्या टीममध्ये होते. समोरच्या बाजूची आठवण काय आहे हे आपण ऐकलेलं नाही. असो, किस्सा मलाही आवडतो, आमच्या कँटीनमध्ये तो पाठ आहे.

पण जरा आकडे बघू. फोर्डने नुसत्या जग्वारसाठी ८९ साली २.५ अब्ज डॉलर मोजले, २००० मध्ये लँड रोव्हरला आणखी २.७. टाटांना दोन्ही मिळून २.३ मध्ये मिळाल्या. इतक्या स्वस्तात का? तर जग्वार तेव्हाही तोट्यातच होती. लोक म्हणतात सोन्यासारखा ब्रँड मातीत घातला. सोनं कधी होतं? साठच्या दशकात. ६८ मध्ये ती ब्रिटिश लेलँडच्या खिचडीत पडली, ७५ मध्ये सरकारी झाली, ८४ मध्ये परत खाजगी, मग फोर्ड. फोर्डने जग्वार एक्स-टाइप काढली ती स्वतःच्या साध्या मॉन्डिओ गाडीच्या सांगाड्यावर. तेव्हाही चाहते असेच चिडले होते.

टाटांच्या काळात चांगल्या गाड्या आल्या. एक्सएफ काही वर्षं आमच्याकडे पुण्यातच जोडली जायची, तिची दारं लावलेल्या माणसाबरोबर मी डबा खाल्लाय. आय-पेस २०१९ ची वर्ल्ड कार ऑफ द इयर होती. तरी खप बघा: २०१८ मध्ये जगभरात १ लाख ८० हजारांच्या आसपास, आणि मार्च २०२४ ला संपलेल्या वर्षात ६७ हजारांच्या आसपास. जाहिरात तर परवा आली. म्हणजे रोगी आधीच आयसीयूत होता, डॉक्टरने आता फक्त त्याला गुलाबी गाऊन घातलाय.

आणि निर्णय आजचा नाही. फेब्रुवारी २०२१ मध्येच जाहीर केलं होतं की २०२५ पासून जग्वार फक्त विजेवर. त्याच वेळी जवळजवळ तयार असलेली इलेक्ट्रिक एक्सजे, म्हणजे त्यांची मोठी सेडान, रद्द केली. मला विचाराल तर रडायचं असेल तर त्या एक्सजेसाठी रडा.


खवचट_मावशी | २२ नोव्हेंबर, सकाळी ८.३०

गुलाबी गाऊन. हहपुवा (हसून हसून पुरेवाट).


अक्षरमित्र | २२ नोव्हेंबर, दुपारी १.२०

अक्षरांची रेखाटनं करून पोट भरतो, म्हणून त्या नावाबद्दल बोलतो, बाकी गाड्यांतलं मला रिक्षाएवढंच कळतं.

नाव वाईट नाही. त्यांनी जे आणि जी-यू मोठ्या लिपीत ठेवले, दोन्ही ए आणि शेवटचा आर लहान लिपीत, पण उंची सगळ्यांची सारखी. त्यामुळे शब्द एका पट्टीत बसतो. वर्तुळाचे तुकडे जोडून काढल्यासारखा. स्वच्छ काम आहे. फक्त अडचण ही की ते कोणाचंही असू शकतं. सुगंधी साबण, कर्ज देणारं अ‍ॅप, दातांचा दवाखाना. जुनी अक्षरं फार सुंदर नव्हती, पण ती त्याच घरातली आहेत हे कळायचं.

आणि एक. आपल्या देवनागरीत लहान-मोठी लिपी नसल्याने हा सगळा प्रयोग मराठीत करून बघायची सोय नाही. 'जग्वार' लिहा नाहीतर गप्प बसा.


शुद्धलेखन_पोलीस | २२ नोव्हेंबर, दुपारी १.४१

जग्वार नव्हे. ब्रिटिश उच्चार जॅग्युअर.


गिरणगाव_७७ | २२ नोव्हेंबर, दुपारी १.४४

मग 'मुंबई'चा ब्रिटिश उच्चारही सांगून टाका.


शुद्धलेखन_पोलीस | २२ नोव्हेंबर, दुपारी १.४९

विशेषनामाचा उच्चार मूळ भाषेप्रमाणे करावा असा संकेत आहे. आणि मूळ शब्द इंग्रजीही नाही, दक्षिण अमेरिकेतल्या तुपी भाषेतून आलेला आहे, त्यामुळे

संपादक: उच्चारावरचे पुढचे १४ प्रतिसाद 'भाषा' विभागात हलवले आहेत. मुंबई-बॉम्बेवर येऊ नका, मागच्या वेळी धागा बंद करावा लागला होता.


चेतक_८५ | २२ नोव्हेंबर, संध्याकाळी ६.१०

मला यात आपलं बजाजचं प्रकरण दिसतं. आमच्या पिढीने चेतकसाठी वर्षानुवर्षं नंबर लावलेत. तिचं उत्पादन थांबलं, आणि २००९ च्या शेवटी राजीव बजाजनी सांगितलं, स्कूटर बंद, आपण मोटरसायकलचीच कंपनी. खुद्द राहुल बजाजना ते आवडलं नव्हतं आणि त्यांनी ते लपवलंही नाही. बाप-लेकात जाहीर मतभेद. आम्ही पण शिव्या घातल्या. पण धंद्याच्या हिशेबाने तेव्हा लेक चुकला असं म्हणता येईना, पल्सर जोरात होती.

आणि २०२० च्या जानेवारीत काय परत आलं? चेतक. विजेवरची. नाव तेच, पत्र्याची बॉडी, गोल दिवा, म्हाताऱ्यांना ओळखू येईल असा चेहरा. जावा मोटरसायकलचंही तसंच, २०१८ मध्ये महिंद्राच्या माणसांनी आणली ती जुन्या चेहऱ्यानेच.

वीज आणा हो, कोणाची ना नाही. पण चेहरा ओळखीचा ठेवला असता तर हा दंगा झाला असता का?


तिरकी_रेघ | २२ नोव्हेंबर, रात्री ९.३५

मी लोअर परळच्या एका जाहिरात एजन्सीत आहे. ऑफिसात दोन दिवस दुसरा विषय नाही. थोडी उलटी बाजू मांडते, चपला नंतर मारा.

चेतकच्या तुलनेत एक फरक आहे काका. चेतक लाखो घरांत होती. जग्वारवर प्रेम करणारे लाखो, विकत घेणारे मूठभर, आणि ते मूठभरही दर वर्षी कमी होत होते. नवी गाडी एक लाख पौंडांच्या वर जाणार म्हणतात. म्हणजे गिऱ्हाइकच बदलायचं आहे. जुन्या गिऱ्हाइकातले बहुतेक मागे येणार नाहीत हे त्यांनी धरूनच चाललंय. अशा वेळी जुना चेहरा ठेवला तर जुनीच किंमत डोळ्यांसमोर येते. त्यांचे एमडी रॉडन ग्लोव्हर म्हणतायत की बाकीच्यांसारखं वागलो तर गर्दीत बुडून जाऊ. हे खरंच आहे. गेल्या दहा वर्षांत मी जग्वारबद्दल जेवढं ऐकलं नाही तेवढं दोन दिवसांत ऐकलं.

दुसरं, आणि हे मला खरं बोलायचं होतं. अर्धा राग गाडी नाही म्हणून आहे. उरलेला राग त्या जाहिरातीतली माणसं कोणत्या रंगाची आहेत आणि पुरुषांनी काय नेसलंय यावर आहे. तिकडे तर सरळ शिवीगाळ चाललीय. आपल्या धाग्यावरही 'फॅन्सी ड्रेस' आलंच. गाडी नसल्याचा राग मला पूर्ण मान्य. दुसरा राग नाही.

आता माझी स्वतःची तक्रार. फोडा, मोडा, रांगेबाहेर या, असे चार सुविचार टाकले की ते ब्रँडचं तत्त्वज्ञान होत नाही. असले सुविचार मी स्वतः एका सहकारी बँकेला विकलेत. त्यांनी ते एटीएमच्या दारावर लावले. दार ढकला असं लिहायला जागाच उरली नाही.


गिरणगाव_७७ | २२ नोव्हेंबर, रात्री ९.५८

ताई, फॅन्सी ड्रेस हा शब्द मागे घेतो. शाळेतल्या स्पर्धेच्या अर्थाने म्हटलं होतं, पण तुम्ही म्हणता तशी घाण खरंच वाचली मी फेसबुकवर. त्यांच्यात मला बसवू नका.


डबलक्लच | २३ नोव्हेंबर, सकाळी ११.००

सगळ्यांचे आभार. पिंपरीकरांचे आकडे वाचून जरा खजील झालो. खरं आहे, आमच्यापैकी कोणी ती गाडी विकत घेणार नव्हतंच.

तरी तिरकी रेघ यांच्या एका मुद्द्यावर अडतो. गर्दीत वेगळं दिसायला जग्वारला कपड्यांची गरज कधी पडली? यांची सुरुवात १९२२ ची, ब्लॅकपूलमध्ये मोटरसायकलला लावायचे साइडकार बनवायचे. स्वॅलो साइडकार, म्हणून एसएस. ३५ साली पहिल्यांदा एका मॉडेलला जग्वार नाव दिलं. मग युद्ध झालं, एसएस म्हटलं की हिटलरचे लोक आठवायला लागले, म्हणून ४५ मध्ये कंपनीचंच नाव जग्वार केलं. म्हणजे नाव बदलण्याला माझा विरोध असायचं कारण नाही, जग्वार हेच बदललेलं नाव आहे. पण नाव बदललं आणि पाठोपाठ काय आणलं? ४८ साली एक्सके १२०. लोकांनी आधी गाडी बघितली, पाटी नंतर वाचली.

त्या एक्सके इंजिनाची गोष्ट अण्णा मला दर गणपतीत सांगतात. युद्धात कॉव्हेंट्रीवर बॉम्ब पडायचे, आगी लागल्या तर विझवायला कारखान्यात रात्रपाळीचा पहारा असायचा. लायन्स आणि त्यांचे इंजिनिअर हेन्स, हॅसन, बेली हे पहाऱ्याला एकत्र बसायचे आणि जागरणात पुढच्या इंजिनाचे आराखडे काढायचे. ते इंजिन १९९२ पर्यंत बनत होतं. चाळीस वर्षांवर! ल माँची शर्यत ५१ आणि ५३ ला जिंकले, मग ५५, ५६, ५७ सलग. ६१ ची ई-टाइप न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात ठेवलीय. त्या गाडीला कोणी विचारलं नाही की तू वेगळी कशी.

आणि आपल्या मुंबईत तर पाटी बदलून काही होत नाही हे सिद्धच आहे. कुर्ल्याला प्रीमियरच्या कारखान्यात फियाट बनायची. ७४ मध्ये तिचं नाव पद्मिनी केलं. राणीचं नाव, चांगलं नाव. शेवटची टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेव आरटीओत, आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर, पासिंग झाली आणि वीस वर्षं पुरी होऊन मागच्या वर्षी निघाली. शेवटच्या दिवसापर्यंत गॅरेजात सगळे म्हणत होते, फियाट आलीय.


खवचट_मावशी | २३ नोव्हेंबर, सकाळी ११.२०

फोटो?


हिशेबनीस | २३ नोव्हेंबर, दुपारी ३.००

आमच्या सोसायटीत निम्म्या लोकांकडे टाटा मोटर्सचा शेअर आहे. जुलैत अकराशेच्या वर होता, तेव्हा कोणी विकला नाही. आता खाली आला तर लिफ्टमध्ये मला पकडून म्हणतात, त्या गुलाबी जाहिरातीने वाट लावली. अहो, जाहिरातीच्या आधी महिनाभर घसरतोय. जेएलआरमधून, म्हणजे जग्वार-लँड रोव्हरमधून, टाटा मोटर्सच्या महसुलाचा सुमारे दोन तृतीयांश भाग येतो हे खरं, पण तो रेंज रोव्हर आणि डिफेंडरच्या जिवावर. जग्वार त्या घरातला कवी आहे. त्याने नोकरी सोडली तर घरभाडं थांबत नाही.


पिंपरीचा_फिटर | ३ डिसेंबर २०२४, सकाळी ८.१५

घ्या, मायामीत गाडी दाखवली एकदाची. टाइप ००. एक गुलाबी, एक निळी. दोन दारांची, पण ही विकायची नाही, विकायची ती चार दारांची, इंग्लंडात सोलिहलच्या कारखान्यात बनणार. एका चार्जमध्ये ४३० मैल असं अमेरिकन मोजमापाने सांगतायत, पंधरा मिनिटांच्या चार्जिंगमध्ये २०० मैल. तेवीस इंची चाकं. मागची काच नाहीच, कॅमेरे.

माझं प्रामाणिक मत: फोटोत बघितल्यावर पहिली पाच मिनिटं शिवी आली. मग बाजूने बघितली. लांबलचक नाक, मागे सरकलेली बैठक, खाली बसलेलं छप्पर. हे प्रमाण जुन्याच जग्वारचं आहे, फक्त इस्त्री केलेलं.


चेतक_८५ | ३ डिसेंबर, सकाळी ९.०५

इंजिनच नाही तर एवढं नाक कशाला?


पिंपरीचा_फिटर | ३ डिसेंबर, सकाळी ९.१२

पेशवाई फेट्याखाली शेंडी असते का? तरी बांधतो ना आपण.


हिशेबनीस | ३ डिसेंबर, सकाळी ९.४०

तेवीस इंची चाकं घेऊन ऑगस्टमध्ये जेव्हीएलआरवर, आमच्या जोगेश्वरी-विक्रोळीच्या खड्ड्यांच्या रस्त्यावर या. मग बोलू.


डबलक्लच | ३ डिसेंबर, रात्री १०.१०

अण्णांना दाखवली. बराच वेळ फोन आडवा-उभा केला. म्हणाले, "बॉनेट उघडतं का?" मी म्हटलं, बहुतेक उघडत असेल. म्हणाले, "मग ठीक आहे." पुढे काही बोलले नाहीत. हा होकार की नकार, घरात दोन तट पडलेत.


गिरणगाव_७७ | ११ जून २०२५, रात्री ८.२०

धागा वर काढतोय. व्हॉट्सअ‍ॅपवर आलंय: युरोपात एप्रिलमध्ये जग्वारच्या फक्त ४९ गाड्या गेल्या, मागच्या एप्रिलमध्ये १,९६१. साडेसत्त्याण्णव टक्के घसरण! मी म्हणत होतो.


पिंपरीचा_फिटर | ११ जून, रात्री ८.४५

आकडे बरोबर, अर्थ चुकीचा. दुकानात माल नसेल तर गल्ला कसा भरेल? एक्सई, एक्सएफ, एफ-टाइप हे सगळं २०२४ मध्येच बंद केलं. ब्रिटनमध्ये नव्या जग्वारची विक्री नोव्हेंबरमध्येच थांबवली होती. नवी गाडी बाजारात यायची आहे. त्या ४९ म्हणजे कुठेतरी गोदामात उरलेल्या. जाहिरातीने गिऱ्हाईक पळवलं असतं तर आधी दुकान उघडं असायला हवं होतं.

आता तुम्ही विचाराल, एवढा काळ दुकान बंद ठेवणं हा शहाणपणा का. ते विचारा. त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. आम्ही लाइनवर एक तास थांबलो तर वरून फोन येतात.


तिरकी_रेघ | ११ जून, रात्री ९.१५

सहमत. आणि मी नोव्हेंबरमध्ये जे लिहिलं त्यात थोडी दुरुस्ती करते. गवगवा झाला तेव्हा विकायला काही असतं तर तो गवगवा वसूल झाला असता. भूक लावून ताट दोन वर्षांनी. आमच्या धंद्यात याला चूकच म्हणतात.


हिशेबनीस | ५ ऑगस्ट २०२५, सकाळी १०.३०

आता ट्रम्पतात्याही धाग्यावर आले. काल त्यांनी लिहिलंय की जग्वारची जाहिरात मूर्ख आणि वोक होती, आणि सीईओला नाचक्की होऊन जावं लागलं. एड्रियन मार्डेल पस्तीस वर्षं त्या कंपनीत काढून निवृत्त होतायत. आणि जाहिरातीपेक्षा जास्त दणका खुद्द तात्यांच्या आयातकराचा बसला. एप्रिलमध्ये जेएलआरने अमेरिकेला गाड्या पाठवणं काही काळ थांबवलं होतं ते कोणामुळे?

कालच दुसरी बातमी आली, तिच्याकडे कोणाचं लक्षच नाही. नोव्हेंबरपासून सीईओ पी. बी. बालाजी. टाटा मोटर्सचे वित्तप्रमुख. आकड्यांचा माणूस आहे. म्हणजे आता बॉम्बे हाउसचा हात थेट स्टिअरिंगवर.


गिरणगाव_७७ | ५ ऑगस्ट, सकाळी १०.४४

मी आणि ट्रम्प एका बाजूला? मला या धाग्यावरून काढा.


जुनं_ते_सोनं | २१ डिसेंबर २०२५, दुपारी १२.१५

धागा आज सापडला, सलग वाचून काढला. विंटेज गाड्यांच्या रॅलीत मदतनीस म्हणून हिंडतो. हे वर्ष त्यांना फारच वाईट गेलं. सप्टेंबरच्या सुरुवातीला सायबर हल्ला झाला आणि कारखाने पाचेक आठवडे बंद. आणि आता या महिन्यात शेवटची एफ-पेस सोलिहलमधून बाहेर पडली. म्हणजे आज घडीला जग्वार नावाची नवी गाडी कुठेच बनत नाही. वर्षभरापूर्वी जाहिरातीत गाडी नव्हती, आता कारखान्यातही नाही.

डबलक्लच, मला खरा रस तुमच्या डब्यात आहे. मार्क २ वरचा अस्सल जग्वार हा जस्ताच्या मिश्रधातूचा, वर क्रोम. पोटाखाली क्रोम झिजला असेल तिथे बघा, रंग राखाडी दिसतो का पिवळा? अस्सल असेल तर जपून ठेवा, बाहेर मागणी आहे.


खवचट_मावशी | २१ डिसेंबर, दुपारी १२.३०

वर्षभर फोटो मागतेय मी. माझ्याकडे कोणी लक्ष दिलं नाही.


डबलक्लच | २२ डिसेंबर, रात्री ११.२०

आज डबा काढला. रॉकेल लावून पुसला. पोटाखाली पिवळा आहे. चक्क पितळ.

अण्णांसमोर नेऊन ठेवला. म्हटलं, हा अस्सल नाही म्हणतात. अण्णा म्हणाले, "नाहीच आहे." ७१ साली शेटजी सिनेमाला गेले असताना बाहेर उभ्या गाडीवरून मूळचा कोणीतरी उपटून नेला. विलायतेहून मागवायचा तर परवाना, महिने, भाव. शेटजींचा चेहरा बघवेना, म्हणून अण्णांनी ओळखीच्या दुसऱ्या एका जग्वारवरचा दोन दिवसांसाठी मागून आणला, तो वाळूत दाबून साचा घेतला आणि नळबाजारातल्या एका ओतकामवाल्याकडून पितळेत ओतून घेतला. घासायला तीन रात्री लागल्या. क्रोम वेगळा करून घेतला.

मी म्हटलं, एवढी वर्षं बोलला नाहीत. म्हणाले, तू विचारलंस कधी?

मग चष्मा लावून तो उलटासुलटा करून बघत बसले. "नाक बसकं झालंय जरा. वाळू नीट दाबली नव्हती. मी म्हटलं होतं शेटजींना, परत ओतून आणतो. ते म्हणाले, राहू दे नी, आता हा आपलाच हाय."

मावशी, फोटो उद्या. दिवसा, गॅलरीतल्या उजेडात काढतो, म्हणजे नाक नीट दिसेल.